जंतू मरतो, विष उरते

दरवर्षी १० मार्च रोजी आपल्या विहारांतून आणि महिला मंडळांतून क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांना अभिवादन केले जाते. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना माईंनी देह ठेवला, हे वाक्य आपल्या शाळकरी मुलींनाही पाठ असते. प्लेग माणसाच्या शरीरात शिरून नेमके काय करतो, हे मात्र फार थोड्या भाषणांत ऐकायला मिळते.

ते सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. प्लेग आज आपल्या दारात नाही, पण प्लेगचा जंतू ज्या विषाने माणूस मारतो, त्याच जातीचे विष इतर अनेक जंतूंजवळ असते. लाखनी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीत आठ दिवसांची बाळंतीण तापाने फणफणते, एखादे तान्हे बाळ अचानक दूध ओढायचे थांबते, एखाद्या आजोबांना लघवीची जळजळ होता होता भ्रम होतो, तेव्हा बहुधा हेच विष कामाला लागलेले असते. त्याचा मारा शरीरातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांवर असतो. हा मारा कसा होतो हे ज्या घराला कळले, ते घर रात्र संपण्याची वाट पाहत बसणार नाही. म्हणून हा लेख.

१८९७ चे पुणे

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. काही महिन्यांतच साथ पुण्यात आली. इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला आणि पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. लोक भ्याले. त्यांनी रुग्ण माळ्यावर, कणगीमागे लपवले. लपवलेल्या रुग्णाला औषधही मिळत नव्हते आणि शेजाऱ्याचे रक्षणही होत नव्हते.

गावकुसाबाहेरच्या वस्त्यांची गत आणखी वाईट होती. तिथे कोणी पाऊल टाकायला तयार नव्हते. अशा वेळी माईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ सासणे यांच्या माळावर दवाखाना उघडला आणि माई स्वतः रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने पडला आहे असे कळताच सहासष्ट वर्षांच्या माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मुलगा वाचला. माईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्लेगचे जंतू मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून माणसाला येतात. रोग फुप्फुसात उतरला तर रुग्णाच्या खोकल्यातूनही पसरतात. हे शास्त्र त्या काळी अर्धवटच माहीत होते. अलेक्झांडर येरसाँ यांनी हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला तो १८९४ मध्ये, आणि पिसवांचा हात आहे हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे माई गेल्या त्या वर्षी रोगाचे नाव ठाऊक होते, जंतू ठाऊक होता, पण तो घरात कसा येतो हे ठाऊक नव्हते, आणि एकदा आल्यावर त्याला मारणारे औषध तर नव्हतेच.

विष असते कुठे?

रोगजंतूंची विषे दोन प्रकारची. काही जंतू जिवंतपणी विष तयार करून बाहेर सोडतात. धनुर्वात आणि घटसर्प यांचे जंतू असे आहेत. दुसऱ्या प्रकारात विष जंतूच्या अंगातच असते, त्याच्या बाहेरच्या आवरणात विणलेले. जंतू फुटला, मेला, की आवरणाचे तुकडे होतात आणि ते विष मोकळे होते. याला अंतर्विष किंवा एंडोटॉक्सिन म्हणतात. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास पटकीच्या जंतूंवर प्रयोग करताना ही गोष्ट ओळखली. उष्णतेने मारलेले जंतू टोचले तरी प्रयोगातली जनावरे मरत होती. जंतू मेला होता, विष शाबूत होते.

याचाच सौम्य अनुभव मुंबईत आला. वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करत होते. त्यांनी प्लेगचे जंतू वाढवून उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि ते बरे झाले. जिवंत जंतू अंगात एकही गेला नव्हता. मेलेल्या जंतूंच्या अंगातल्या द्रव्यांनी शरीराला हलवून सोडले होते. परळच्या ज्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव दिले गेले, तिची सुरुवात या कामातून झाली.

लशीत हे विष अगदी मोजके असते आणि कातडीखाली एका जागी राहते, म्हणून दोन दिवसांचा ताप येऊन सुटका होते. रक्तात जेव्हा जिवंत जंतू कोट्यवधींनी वाढतात आणि मरतात, तेव्हा हेच विष सर्व अंगभर सांडते. एकेका जंतूच्या आवरणात या विषाचे लाखो रेणू असतात.

बांधीतले पाणी आणि अंगातले रक्त

आता हे विष करते काय ते पाहू. आपल्या भंडारा जिल्ह्याच्या माणसाला ते समजायला पुस्तक नको, धानाची बांधी पुरे आहे.

मामा तलावाचे पाणी आधी मोठ्या पाटात येते. पाटातून लहान दांड फुटतात आणि दांडांतून पाणी एकेका बांधीत पोचते. पीक पिकते ते बांधीत, पाटात नाही. शरीरातही तसेच आहे. हृदय हा तलाव समजा. मोठ्या रक्तवाहिन्या म्हणजे पाट. त्या फुटत फुटत शेवटी इतक्या बारीक होतात की एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर एका भागाएवढी किंवा त्याहून कमी त्यांची रुंदी असते. यांना केशवाहिन्या म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशींना त्यांतून एकामागे एक अशी रांग धरून जावे लागते. प्राणवायू आणि अन्न प्रत्यक्ष मांसाला, मेंदूला, मूत्रपिंडाला मिळते ते इथेच. केशवाहिनीची भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची असते. ही भिंत पातळ आहे म्हणूनच देवाणघेवाण होते, आणि पातळ आहे म्हणूनच ती लवकर बिघडते.

अंतर्विष रक्तात सांडले की आपल्या पांढऱ्या पेशी ते ओळखतात. त्यांच्या अंगावर या विषासाठी जणू एक घंटी बसवलेली असते. ही घंटी कोणती हे ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये दाखवले आणि या संशोधनासाठी २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. घंटी वाजली की पांढऱ्या पेशी शरीरभर धोक्याचे निरोप धाडतात. थोडे विष असेल तर हे निरोप उपकारक असतात. ताप येतो, रक्षक पेशी धावून येतात, जंतू मारला जातो. विष फार असेल तर निरोपांचा कल्लोळ होतो आणि केशवाहिन्यांच्या भिंतीवर एकाच वेळी तीन संकटे कोसळतात.

पहिले संकट, धुरे फुटतात. भिंतीच्या पेशींमध्ये फटी पडतात आणि रक्तातले पाणी बाहेर झिरपते. पाणी अंगातच असते, पण वाहिनीत नसते. अंगावर सूज दिसते आणि आत रक्त कमी पडते.

दुसरे संकट, पाट सैल होतात. वाहिन्या पसरतात आणि त्यांतला दाब उतरतो. तलाव आटला आणि पाट रुंदावला तर टोकाच्या बांधीत पाणी चढत नाही. त्याचप्रमाणे हातापायांची बोटे, मूत्रपिंड आणि मेंदू यांना रक्त पुरत नाही.

तिसरे संकट, दांडांत गाळ बसतो. भिंत बिघडली की रक्त जागोजागी गोठू लागते. लहान लहान गुठळ्या हजारो केशवाहिन्या बुजवतात. या गुठळ्या करण्यात रक्त गोठवणारी द्रव्ये आणि प्लेटलेट पेशी खर्च होऊन जातात, म्हणून त्याच रुग्णाला दुसरीकडे रक्तस्राव होतो. हिरड्यांतून रक्त येते, कातडीवर लाल-जांभळे ठिपके उठतात. एकाच अंगात रक्त गोठतेही आहे आणि वाहतेही आहे, हे पाहून पूर्वीचे लोक चक्रावून जात.

प्लेगच्या काही रुग्णांची बोटे, नाकाचा शेंडा काळाठिक्कर पडत असे. गावोगावी तो देवीचा कोप समजला गेला. मरीआईचा गाडा गावाबाहेर ओढून नेण्यासाठी पुन्हा आपल्याच माणसांना जुंपले गेले. आज सांगता येते की बोटांच्या टोकाच्या केशवाहिन्या गुठळ्यांनी बुजल्या, रक्त पोचले नाही आणि मांस मेले. त्याला कारण होते, आणि ज्याला कारण असते त्यावर उपाय शोधता येतो. तथागतांच्या धम्माने आपल्याला हीच सवय लावली आहे.

जंतूचा कावा

प्लेगचा जंतू या बाबतीत विशेष कावेबाज निघाला. पिसवेच्या थंड अंगात असताना त्याच्या आवरणातले विष नेहमीच्या बनावटीचे असते. माणसाच्या उबदार अंगात शिरला की तो त्या विषाची घडण बदलतो, आणि बदललेल्या विषाने पांढऱ्या पेशींची घंटी नीट वाजत नाही. पहिले काही दिवस शरीर गाफील राहते. तेवढ्यात जंतू अमाप वाढतात. जेव्हा शरीराला जाग येते, तेव्हा रक्त विषाने भरलेले असते. उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगचे शंभरांतले ३० ते ६० रुग्ण दगावतात आणि फुप्फुसाच्या प्लेगचा रुग्ण जवळजवळ वाचतच नाही. १८९६ नंतरच्या दशकांत आपल्या देशात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही औषधे आली आणि चित्र पालटले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आणि त्यानंतर सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला. सुरतेतून कामगार कुटुंबे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. पण या वेळी हाताशी कॅप्सूल होती आणि साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली.

औषधाचे बळ मोठे आहे. त्याची एक मर्यादा मात्र प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. औषध जंतू मारते. जंतूच्या अंगातून आधीच सांडलेले विष ते परत गोळा करत नाही, आणि फुटलेल्या केशवाहिन्या एका तासात सांधत नाही. १९९० च्या सुमारास युरोप-अमेरिकेत या विषाला थेट बांधून टाकणारी इंजेक्शने काढण्याचा मोठा प्रयत्न झाला. त्यातले गाजलेले औषध १९९३ मध्ये मागे घ्यावे लागले, कारण रुग्ण वाचले नाहीत. म्हणून आजही खरा उपाय एकच उरतो. जंतू थोडे आहेत तोवर, विष थोडे सांडले आहे तोवर, रुग्ण डॉक्टरच्या हाती पोचवणे. प्रश्न तासांचा असतो.

आपल्या वस्तीतले धोके

प्लेग गेला तरी अंतर्विष बाळगणारे जंतू गेले नाहीत. माणसाच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू त्यातलाच. तो आतड्यात असेपर्यंत बहुधा निरुपद्रवी असतो. लघवीच्या मार्गाने वर चढला, बाळंतिणीच्या गर्भाशयात शिरला, तान्ह्या बाळाच्या रक्तात गेला, तर तोच जीव घेतो. टायफॉइडचे आणि काही प्रकारच्या न्यूमोनियाचे जंतूही याच कुळातले. विळ्याने कापलेल्या बोटात पू करणारे जंतू बहुतेक दुसऱ्या कुळाचे असतात, त्यांची विषे वेगळी असतात, पण रक्तात पसरल्यावर तेही शेवटी केशवाहिन्यांचीच वाट लावतात. जंतुदोषापुढे शरीराचा असा तोल जाऊन अवयव निकामी होऊ लागले की डॉक्टर त्याला सेप्सिस म्हणतात. आपल्याकडे ‘अंगात सेप्टिक झाले’ असे म्हणतात ते हेच.

धानाच्या पट्ट्यात आणखी एका रोगाची माहिती हवी. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसची साथ आली आणि माणसे दगावली. गवतात, झुडपांत राहणाऱ्या अतिशय बारीक किड्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून हा जंतू अंगात जातो. त्याच्याजवळ अंतर्विष नसते. तो स्वतःच केशवाहिन्यांच्या भिंतीच्या पेशींत घर करतो आणि परिणाम बराचसा तसाच होतो. गवत कापणाऱ्या, निंदण करणाऱ्या, बांधीच्या धुऱ्यावर बसणाऱ्या माणसाला पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आला तर काखेत, जांघेत, कमरेला, स्तनांखाली न दुखणारी काळी खपली आहे का ते घरच्यांनी पाहावे आणि डॉक्टरला दाखवावे. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने रोग बरा होतो. ते डॉक्टरच्या सल्ल्याने वेळेवर सुरू झाले पाहिजे.

कष्टकरी घरात दुखणे अंगावर काढायची रीत आहे. रोवणीचे दिवस असतात, रोजी बुडते, विड्यांचा हिशोब द्यायचा असतो. बाई तर सर्वांत शेवटी स्वतःचे सांगते. ‘उद्या पाहू’ हे शब्द आपल्या घरांत फार स्वस्त झाले आहेत. विष मात्र उद्याची वाट पाहत नाही.

घरात काय ओळखावे?

केशवाहिन्यांची स्थिती पाहण्याची एक सोपी खूण आहे. रुग्णाचा हात हृदयाच्या उंचीवर धरून बोटाचे नख पाच सेकंद दाबावे. नख पांढरे पडेल. मग सोडावे. निरोगी माणसाचे नख दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर टोकाच्या केशवाहिन्यांत रक्त नीट पोचत नाही असे समजावे. तान्ह्या बाळाच्या छातीच्या मध्यभागी बोटाने तसेच दाबून पाहता येते. थंडीने गारठलेल्या हातावर किंवा मेंदी, नेलपॉलिश लावलेल्या नखावर ही खूण फसते. नख लवकर गुलाबी झाले म्हणून निश्चिंतही होऊ नये. बाकीची लक्षणे पाहावीतच.

मोठ्या माणसात ही लक्षणे धोक्याची आहेत: ताप असताना किंवा अंग उलट थंड पडले असताना धाप लागणे, बोलणे असंबद्ध होणे किंवा सारखी गुंगी येणे, हातपाय गार पडून कातडीवर निळसर जाळी दिसणे, नाडी जलद आणि बारीक लागणे, सकाळपासून लघवी जवळजवळ न होणे. कातडीवर लाल-जांभळे ठिपके आले असतील तर त्यांवर काचेचा पारदर्शक पेला दाबून पाहावा. दाबल्यावरही ठिपके मावळले नाहीत तर रक्त केशवाहिनीबाहेर आले आहे असा अर्थ होतो.

बाळंतिणीला बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत ताप, दुर्गंधीयुक्त स्राव आणि ओटीपोटात दुखणे असेल तर ‘दुधाचा ताप आहे, उतरेल’ असे म्हणून थांबू नये.

नवजात बाळाला ताप येईलच असे नाही. बाळ दूध ओढायचे थांबले, रडणे क्षीण झाले, अंग लोळागोळा झाले, पोट व पाय थंड लागले, श्वास जलद होऊन छाती आत ओढली जाऊ लागली, तर एवढे पुरे आहे. अशा बाळाला डागणे, पोटावर बिब्बा लावणे हे सरळसरळ प्राणाशी खेळणे होय.

मग काय करावे?

यातले एकही लक्षण दिसले तर आशाताईंना बोलवावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. ही मोफत रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. गरोदर माता, बाळंतीण आणि नवजात बाळ यांच्यासाठी १०२ हाही क्रमांक आहे. लाखनीहून भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय महामार्गाने वीस-पंचवीस किलोमीटरवर, तर नागपूरचे मेडिकल ऐंशीच्या पुढे आहे. आडगावाहून निघणाऱ्याला त्याआधीचा कच्चा रस्ताही असतो. म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी पोचावे, तिथे शिरेतून पाणी, प्राणवायू आणि औषधाचा पहिला डोस सुरू व्हावा, आणि मग पुढचा प्रवास व्हावा. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत पहिला डोस राहून गेला तर वाटेतले दोन तास विषाला मिळतात.

डॉक्टरला स्पष्ट शब्दांत विचारावे, ‘साहेब, हे सेप्सिस असेल का?’ विचारण्यात उद्धटपणा नाही. ताप कधी आला, लघवी शेवटची कधी झाली, कोणती गोळी दिली, हे कागदावर लिहून न्यावे. घरातल्या शाळकरी मुलीला हे काम सांगितले तर ती ते उत्तम करील.

काही गोष्टी टाळाव्यात. पदवी नसलेल्या माणसाकडून सलाईन लावून घेऊन रात्र काढू नये. सलाईनने थोडा वेळ हुशारी वाटते, जंतू मात्र वाढत राहतात. मागच्या दुखण्यातल्या उरलेल्या कॅप्सूल देऊ नयेत. डॉक्टरने सात दिवस सांगितले असता दोन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध सोडू नये. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात आणि पुढच्या खेपेला तेच औषध चालत नाही.

खर्चाच्या भीतीनेही पुष्कळ तास वाया जातात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत तयार ठेवावे आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून आपला उपचार योजनेत बसतो का ते विचारावे. तो आपला हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत.

गडचिरोलीने काय दाखवले?

कोणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाच्या हाती काय आहे? आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने याचे उत्तर दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, जंतुदोषाची लक्षणे ओळखायला आणि वेळ पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. जिथे हे काम झाले नव्हते अशा गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हा अहवाल ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्या गावांत मोठे यंत्र आले नव्हते. लिहिता-वाचता येणारी, घड्याळ लावून बाळाचे श्वास मोजणारी, लक्षण दिसताच न थांबणारी एक बाई आली होती. मुलींना शिकवले तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. त्या शिक्षणाचा पाया घालताना कोणाच्या अंगावर शेणाचे गोळे पडले होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

तथागतांनीही मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले होते आणि आजाऱ्याची सेवा हे संघाचे कर्तव्य ठरवले होते. करुणा मनात ठेवून चालत नाही, तिला हात-पाय लागतात. माईंची करुणा मुंढव्यापासून हडपसरपर्यंत चालत गेली.

आमची विनंती एवढीच आहे की येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे काढून एखाद्या उपासिकेने या लेखातली लक्षणे वाचून दाखवावीत. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना बोलावून नख दाबण्याची खूण सर्वांना करून दाखवायला सांगावे. विहाराच्या फळ्यावर १०८ आणि १०२ हे क्रमांक, आशाताईंचा क्रमांक आणि रात्री-बेरात्री ज्यांची गाडी मिळेल अशा दोन समाजबांधवांचे क्रमांक खडूने मोठ्या अक्षरांत लिहावेत. ज्या घरात बाळंतीण किंवा नवजात बाळ आहे, त्या घरी महिला मंडळाच्या भगिनींनी दिवसाआड चक्कर मारावी.

१८९७ मध्ये माईंजवळ औषध नव्हते, गाडी नव्हती, फोन नव्हता. तरी त्यांनी मुलगा पाठीवर घेतला आणि उशीर केला नाही. आज औषध भंडाऱ्याला आहे, पहिला डोस त्याहून जवळ आहे. आपल्या वस्तीतला एकही जीव केवळ ‘उद्या पाहू’ म्हणण्याने जाणार नाही, एवढे जरी आपण केले तरी १० मार्चचे अभिवादन पोचेल.

जयभीम!